देणगीची फरशी आणि बाबांचं गाडगं



काल आपण सतराव्या अध्यायात दानाच्या श्लोकांपाशी थांबलो होतो. आज खरं तर पुढं सरकायचं होतं, पण माझंच पाऊल उचलेना. कारण सांगते.

मागच्या आठवड्यात पंचवटीतल्या एका कार्यक्रमाला गेले होते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा बांधायचा, त्याचा निधी गोळा करायचा कार्यक्रम. काम चांगलं, माणसं चांगली. मी पेन्शनमधले एक हजार शंभर रुपये पाकिटात घालून नेले होते. व्यासपीठावरून नावं पुकारायला सुरुवात झाली. कुणी पाच लाख, कुणी अकरा लाख, एकांनी तर आईच्या नावानं अख्खी खोलीच. पाच हजारांच्या वरच्या सगळ्यांची नावं फरशीवर कोरणार असंही जाहीर झालं. टाळ्या मीही वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पण माझ्या मांडीवरचं ते पाकीट मला हळूहळू इतकं लाजिरवाणं वाटायला लागलं, की चहा झाल्यावर मी ते तसंच पर्समध्ये टाकून घरी घेऊन आले. दिलंच नाही.

घरी येऊन पोथी उघडली तर समोर हाच भाग. देश, काळ, पात्र बघून, परतफेडीची आशा न धरता दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, नाहीतर मन कुढवत दिलेलं ते राजस. आणि अवेळी, अपमान करून दिलेलं तामस. पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? की बघा, त्या फरशीवाल्यांचं दान राजस! बरं वाटलं हो दोन मिनिटं. मग लक्षात आलं, त्यांनी निदान दिलं तरी. माझं पाकीट तर परत घरी आलं होतं, आणि कशासाठी, तर माझा आकडा ऐकून कुणी मान वळवून बघणार नाही म्हणून. मान मिळावा ही इच्छा हजाराच्या पाकिटातही मावते, अकरा लाखांच्या चेकमध्येही मावते. त्या अर्थी राजसातही मी शेवटच्या पायरीवर.

अशा वेळी मला गाडगेबाबा आठवतात. आपल्याकडं ते आठवायला फार लांब जावं लागत नाही. गंगेवर बुधवारच्या बाजाराला गेलं की गाडगे महाराज पूल आहेच, आणि गंगेकाठी त्यांची धर्मशाळाही. (बाहेरगावच्या वाचकांसाठी, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असतं, की ज्याच्या नावाचा हा पूल आहे त्याच्यापाशी आयुष्यभर एक झाडू, एक काठी आणि एक मातीचं गाडगं एवढीच मालमत्ता होती?

आज त्यांचंच चरित्र थोडक्यात सांगते. थोडक्यात म्हणते, पण लांबेल.

त्यांचं नाव डेबूजी. आडनाव जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्म, जात परिटाची. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामा चंद्रभानजी. डेबू तिथं गुरं राखायचा, पुढं शेतीत पडला, आणि शेतीत असा रमला की गावात त्याच्या कष्टाचं नाव झालं. रात्री भजन, दिवसा औत. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही.

मामा भोळे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि कष्टाची जमीन हातची गेली. त्या धसक्यानं मामाही गेले. सावकार ताबा घ्यायला शेतात आला तेव्हा डेबू आडवा उभा राहिला ही गोष्ट वऱ्हाडात अजून सांगतात. मला मात्र त्या प्रसंगातल्या शौर्यापेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटतं. पैसा माणसाचं काय करतो, हे या मुलानं कोवळ्या वयात दोन्ही बाजूंनी बघितलं. बापाचं दारूनं आणि मामाचं कर्जानं. पुढं आयुष्यभर कीर्तनात ते जे सांगत राहिले, की कर्ज काढून लग्नं आणि तेराव्या घालू नका, दारूला शिवू नका, देवाला बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, ते पोथीतून आलेलं नव्हतं. ते घरातून आलेलं होतं.

लग्न झालं, कुंताबाई घरात आल्या. लेकरं झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं मटण-दारूची पंगत अपेक्षित होती, डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. जातवाले रुसले. इथपर्यंत हा एक सुधारक विचारांचा, कष्टाळू शेतकरी एवढंच.

मग १ फेब्रुवारी १९०५. पहाटे, घर झोपेत असताना, हा माणूस निघून गेला. वय तीसच्याही आत. अंगावर फाटकं धोतर, हातात काठी आणि गाडगं. मागं म्हातारी आई, बायको आणि लेकरं.

इथं मी दर वेळी अडखळते. लिहिणारे बहुतेक सगळे पुरुष, ते या पहाटेवर फार सुंदर लिहितात. मला मात्र उजाडल्यावर कुंताबाई उठल्या असतील आणि चुलीपाशी बसून वाट बघत राहिल्या असतील, ते दिसतं. बाबांच्या दानाचा विचार करताना ही बाजू झाकून ठेवू नये असं मला वाटतं. त्यांनी स्वतःचं जे दिलं त्यात या बाईचा संसारही होता, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढची बारा एक वर्षं ते भटकले. कुठल्याही गावात शिरायचं, न बोलता रस्ता झाडायला लागायचं. लोकांना वाटायचं कुणी वेडा. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर तेच गाडगं पालथं. भूक लागली की ते उलटं करून त्यात भाकरतुकडा घ्यायचा. पण आधी काम, मग भाकरी. फुकट खायचं नाही हा नियम. कुणी पाया पडायला वाकला तर काठी उगारायची. गावाची घाण झाडून झाली की रात्री त्याच चौकात कीर्तन.

कीर्तन म्हणजे आपण ऐकतो तसं नव्हे. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही. साधी वऱ्हाडी बोली, समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं. तुमचा देव कुठं राहतो, त्याला आंघोळ कोण घालतं, त्याच्या नैवेद्यावर कुत्रं आलं तर त्याला हाकलतं कोण, अशा धाटणीचं. लोक हसत हसत उत्तर द्यायचे आणि शेवटी आपल्याच उत्तरात अडकायचे. गो. नी. दांडेकर तरुणपणी घरातून निघाले होते तेव्हा बाबांच्या सहवासात राहिले, पुढं त्यांनी चरित्रही लिहिलं. प्रबोधनकार ठाकरे म्हणजे बुवाबाजीवर कोरडे ओढणारे, पण बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांनीही बाबांचं चरित्र लिहिलं. ज्या लेखणीला एकही बुवा पसंत पडत नसे तिला हा पसंत पडला, यात काय ते आलं.

आता बाबांचं पहिलं मोठं काम. ऋणमोचन. पूर्णा नदीच्या काठचं हे क्षेत्र, पौष महिन्यात तिथं यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, निसरडा. म्हाताऱ्या बायाबापड्या घसरून पडायच्या. सगळे वर्षानुवर्षं बघत होते. घाट बांधायचा म्हणजे कुणा राजानं, सरदारानं बांधायचा, अशीच आपली समजूत. आपलं नाशिकच बघा ना. नारोशंकराचं देऊळ १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं. काळाराम सरदार ओढेकरांनी. अहिल्याबाईंचं दान तर काशीपासून रामेश्वरपर्यंत. मोठं काम मोठ्या माणसाचं, आपण फक्त घंटा वाजवून तीर्थ घ्यायचं.

बाबांनी फावडं घेतलं आणि पायऱ्या खणायला सुरुवात केली. एकट्यानं. घाट बांधायला पैसे हवेत हे काय त्यांना कळत नव्हतं? पण पैसे नाहीत म्हणून आजचा चिखल तसाच ठेवायचा हे त्यांना पटलं नाही. लोक आधी बघत राहिले, मग एकेक जण उतरला, मग पैसेही आले, आणि पुढं पक्का घाट झाला. बघा, त्या क्षेत्राचं नाव ऋणमोचन, म्हणजे कर्जातून सुटका. सावकारानं ज्याचं शेत घेतलं त्याच्या हातून पहिलं काम तिथं झालं, हा योगायोग मला फार आवडतो. (उगाच अर्थ काढत बसू नये, पण आवडतो.)

पंढरपूरला ते दर वारीला जायचे. लाखो वारकरी जमायचे, मागं राहायची घाण. बाबा चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे. देवळात मात्र गेले नाहीत असं सांगतात. त्यांना तिथं दुसरंच दिसत होतं. उच्च जातींच्या धर्मशाळा होत्या, मठ होते, पण अस्पृश्य वारकरी ऊनपावसात उघड्यावर. त्यांना कुणी पडवीतही घेत नसे. बाबांनी पंढरपुरात त्यांच्यासाठी धर्मशाळा उभी केली आणि नाव दिलं चोखामेळ्याचं. ज्याची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी आहे त्या चोखोबाचं.

इथं पैशाची गोष्ट येते. धर्मशाळेला दगड, लाकूड, चुना लागतो, नुसता झाडू पुरत नाही. आणि बाबांकडं तर छदाम नव्हता. तो आला शेठ-सावकारांकडून, कंत्राटदारांकडून, व्यापाऱ्यांकडून, आणि कीर्तनाला बसलेल्या आयाबायांच्या पदराच्या गाठीतूनही. बाबा श्रीमंतांचा दुस्वास करत नव्हते. त्यांच्यासमोर लाजतही नव्हते. विचार करा, रेशमी फेटेवाले शेठ गादीवर बसलेत आणि समोर चिंध्या पांघरलेला, कानात कवडी घातलेला माणूस उभा आहे. अवघडून कोण बसत असेल? मला वाटतं शेठच. कारण त्या माणसाला स्वतःसाठी काहीच नको होतं. आलेला पैसा ते हातात घेत नसत. विश्वस्त नेमायचे, हिशेब त्यांच्याकडं द्यायचा, आणि काम उभं राहिलं की पुढच्या गावी.

मी त्या कार्यक्रमात पाकीट झाकून बसले होते. बाबा असते तर व्यासपीठावरच्या शेठजींनाही आणखी दे म्हणाले असते, आणि मलाही. आणि आम्हा दोघांची खुर्ची ओढून अंगण झाडून घेतलं असतं.

तर मग धर्मशाळा होत गेल्या. आळंदी, देहू, आपलं नाशिक, मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ. मूर्तिजापूरला गोरक्षण. कुठं सदावर्त, कुठं आंधळ्या-पांगळ्यांना अन्न आणि घोंगडी. नाशिकच्या धर्मशाळेचं मोल कळायला त्या काळचं नाशिक डोळ्यांसमोर आणा. सरदारांनी बांधलेल्या काळारामाच्या दारात २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं उभी राहिली, पाच वर्षं लढा चालला, पण दार उघडलं नाही. ओढेकर सरदारांनी दान दिलं तेव्हा मनात भक्तीच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण एवढ्या मोठ्या दानाच्या दाराला आतून कडी लागू शकते, हे याच गावानं पाहिलं. बाबांच्या धर्मशाळांना अशी कडी नव्हती. जात विचारायची नाही.

बाबासाहेबांचा आणि बाबांचा जिव्हाळा होता. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. इतक्या वर्षांची जोडलेली इमारत एका शब्दावर दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं सरकारी अनुदान बंद पडलं होतं, तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झालं. अक्षरशत्रू माणूस, पण रयतनं १९५४ला कराडला काढलेलं कॉलेज त्यांच्या नावाचं आहे, अमरावतीचं विद्यापीठही आज त्यांच्या नावाचं.

पुन्हा घराकडं येते, कारण तिथं काय झालं ते सांगितल्याशिवाय चरित्र पुरं होत नाही. मुलगा गोविंद कुत्रं चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटणला कीर्तनात उभे होते. निरोप आला. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. लोक हे मोठ्या कौतुकानं सांगतात. मी आई आहे, मला ते कौतुकानं सांगता येत नाही. एवढंच म्हणेन, की त्या रात्री समोर बसलेल्यांतही पोरं गमावलेले आईबाप असणारच, आणि बाबा त्यांच्यातलेच एक होऊन उभे राहिले. कुंताबाई ऋणमोचनला झोपडीत राहिल्या. नवऱ्याच्या शब्दावर राज्यभर पक्क्या इमारती उठत होत्या, पण त्यांतली एक खोलीही आपल्या नातलगांची होऊ नये अशी तजवीज बाबांनी कागदोपत्री करून ठेवली होती. म्हणून आज कुणी त्या धर्मशाळांवर वारसा सांगू शकत नाही. कुंताबाईंना याचं काय वाटलं ते कुठल्या फरशीवर कोरलेलं नाही. दाते म्हणून नावं घ्यायचीच झाली तर मी त्यांचं नाव बाबांच्या आधी घेईन.

१९५६चं वर्ष. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबा आधीच थकलेले, आजारी. त्या बातमीनं ते आणखी खचले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं नेत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी, वाटेतच गाडीत त्यांनी देह ठेवला. ज्यानं उभ्या महाराष्ट्रात लोकांना छप्पर दिलं, त्याला शेवटच्या क्षणी छप्पर गाडीचं. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.

आता पुन्हा आपल्या श्लोकाकडं. नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी असं भगवंतांनी सांगितलेलं आपण श्रावणात वाचलं होतं. तेव्हा मी लिहिलं होतं की देवाला थोडंही चालतं. आज ते वाक्य मला अर्धवट वाटतं. थोडं चालतं असं म्हणताना माझ्या मनात एक मोठं माप होतंच, आणि त्या मापानं माझं थोडं मोजलं जात होतं. पान देणाऱ्याला ते माप ठाऊकच नसतं. त्याच्यापाशी पान आहे, म्हणून तो पान देतो. बाबांपाशी झाडू होता.

मग माझ्यापाशी काय आहे, असा विचार दोन दिवस करत होते. एकतीस वर्षं कचेरीत कारकुनी केली, फॉर्म भरणं एवढं एक मला डोळे मिटून येतं. परवा एका ओळखीच्यांना भेटायला सरकारी दवाखान्यात गेले होते. बाहेर कट्ट्यावर सुरगाणा-पेठकडची माणसं बसलेली. योजनेचा फॉर्म हातात, पेन नाही, चष्मा नाही, कुठला रकाना कुणी भरायचा कळत नाही. एक म्हातारे बाबा माझ्याकडं बघून नुसते फॉर्म पुढं धरून उभे राहिले. तो भरून दिला. मग दुसरा आला. अकरा फॉर्म झाले, बस चुकली.

पाकीटही देऊन आले, दुसऱ्या दिवशीच. पावतीवर नाव काय घालू असं त्यांनी विचारलं. नाव नको असं म्हणायचं ठरवून गेले होते, पण ऐन वेळी आईचं नाव सांगितलं. घरी येताना वाटलं, तेही नको होतं. असो. इतक्यात सुटायचं नाही ते.

उद्यापासून सोमवार आणि गुरुवार सकाळी नऊ ते बारा दवाखान्याच्या कट्ट्यावर बसणार आहे, तीन पेनं आणि जास्तीचा चष्मा घेऊन. त्यामुळं त्या दोन दिवशीचं वाचन इथं दुपारनंतर येईल, सकाळी वाट बघू नका. उद्या तामस दानाचा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.